झाडोबा जांभई देतो तेव्हा

ता. ९, रविवार

चि. ठोंब्यास ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. तुम्ही तिघंही बरे असाल असं धरून चालते. पत्राचं कारण शेवटी लिहीन, आधी लिहिलं तर तू पुढचं वाचायचा नाहीस. अक्षर आहे हे असं आहे. माझी शाळा पाचवीत कोणामुळे सुटली ते तुला ठाऊक आहे. टोमणा मारत नाही, आहे ते सांगते.

इकडे लॉन्ड्रीत नवं यंत्र आलंय. एकीकडून ओली चादर घालायची, दुसरीकडून कडक इस्त्रीची घडी बाहेर. मालकीणबाई मला म्हणाली, "बघ, तुझ्यासारख्या चौघींचं काम करतं." मी म्हटलं, "आणि उलटून बोलत नाही, त्याचंच तुम्हाला कौतुक." हसली बिचारी. मला काढलं नाही, आता मी उशांच्या खोळींवर आहे. खालच्या शिंप्याला ऐकू येईनासं झालंय. मशीनचा खडखडाट त्याला स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून उजाडायच्या आत सुरू करतो. त्याचे कान गेले आणि झोप माझी गेली. जिन्याचा कठडा अजून तसाच हलतो, धरून चढू नकोस. म्हणजे कधी आलास तर.

तुझ्या घरून खोकं आलं. वरचं अक्षर तुझ्या बायकोचं, कारण वाचता येत होतं. तीन आठवडे कपाटावर ठेवलं. राग होता म्हणून नाही. राग होताच, पण म्हणून नाही. मला वाटलं, त्या दिवशी तुझ्याकडे राहिलेल्या माझ्या चपला परत पाठवल्या असतील. चपला परत आल्या म्हणजे मग विषयच संपला. म्हणून उघडवेना.

शेवटी परवा कात्री घेतली. आत चपला नव्हत्या. टीव्हीला जोडून खेळायचं कोरं यंत्र, आपल्या त्या खेळाचा सातवा भाग, आणि एक चिठ्ठी. तिने तुला सांगितलं नसणार, म्हणून उतरवून देते: "ताई, ह्याही भागात ते झाड आहे. हे म्हणतात, त्यांना ते मारता येत नाही. दोन महिने झाले, झाडापर्यंत जातात, समोर थोडा वेळ बसतात आणि बंद करतात. तुम्हाला कळवावंसं वाटलं."

म्हणे मारता येत नाही! खोटारड्या!

त्या झाडाला मी विसरेन का? दर भागात मेलं आणि दर भागात परत उगवलं. पहिल्या भागात नुसतं खोड आणि दोन ढोल्यांचे डोळे. दुसऱ्यात मुळं उचलून नाचायला लागलं. तिसऱ्यात तोंडाला मुखवटा लावून आलं, जसं काही आपण ओळखणारच नाही. तू त्याचं नाव झाडोबा ठेवलंस आणि त्याला टरकायचास. मी कपडे पिळत असायची आणि आतून हाक यायची, "ताई, झाडोबा आला! लवकर!" मी ओले हात अंगालाच पुसत यायची. पडद्यावरची परकी अक्षरं मला कुठे वाचता येतात? पण झाडोबाचं मला पाठ होतं. आधी फांद्या फेकतो, मग मुळं आपटतो, मग दमून जांभई देतो. जांभई दिली की हाणायचं. तीन जांभयांत खेळ खलास. तू टाळ्या पिटायचास. मग मी दहा मिनिटं तुझ्याजवळ टेकायची. आई गेल्यापासून दिवसातली टेकायची वेळ तेवढीच.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

तुझ्या नव्या घरी त्या दिवशी तुझ्या बायकोने धुऊन ठेवलेली भांडी मी परत धुतली. बाहेर पाहुणे बसलेले. ती दारात उभी राहून बघत होती. तू बोललास. "ताई, पुरे. मी आता लहान नाही. इथे तुला कोणी काही करायला सांगितलेलं नाही."

पुरे म्हणालास ते लागलं नाही. लहान नाहीस तेही मान्य, टक्कल पडायला लागलंय. शेवटचं लागलं. अनवाणी निघाले आणि दोन वर्षं तुझा फोन उचलला नाही.

भांडी स्वच्छ होती. हे मी सहीनिशी लिहून देते. तुझ्या घरात सगळं जागच्या जागी होतं. मूल निजलेलं, पाहुण्यांपुढे चहा, तू हसतोयस. मी उभी कुठे राहू ते मला कळेना. ओळखीचा म्हणून एक नळच दिसला, तो सोडला.

आणखी एक. हे तर मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तू अकरा वर्षांचा असशील. लॉन्ड्रीतला बॉयलर बंद पडला म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. मी जिना चढून आले तर दार अर्धं उघडं. तू एकटा, पाठमोरा. समोर झाडोबा. तू त्याला तीन जांभयांत आडवा केलास. माझ्यापेक्षा झटपट, फांदी एकसुद्धा लागू दिली नाहीस. मग यंत्र बंद केलंस, परत लावलंस, परत झाडापर्यंत गेलास आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिलास.

मी दोन पायऱ्या खाली उतरले आणि चपला वाजवत पुन्हा वर आले. लगेच तुझी हाक, "ताई, झाडोबा आला! लवकर!"

आले. मारला. तू टाळ्या पिटल्यास. मी टेकले.

त्यानंतरच्या सगळ्या भागांतले झाडोबा मी असेच मारले, माहीत असून. म्हणजे बघ, तेव्हाही मला कोणी काही करायला सांगितलेलं नव्हतंच. तू मला बसायला बोलवत होतास. एवढं साधं मला कळत होतं, आणि तुझ्या नव्या घरात नेमकं विसरले. चूक माझी. लिहिलं. परत लिहायला लावू नकोस.

मंगळवार

पत्र टाकलं नव्हतं, बरं झालं. शिंप्याच्या मुलीने यंत्र जोडून दिलं. दोन दिवस कामावरून आले की तेच. बाकी सगळं मला नवं, खड्ड्यात इतकी पडले की ती पोरगी तोंडावर हात ठेवून हसत होती. अंगठे सुजलेत. पण आज पोचले.

झाडोबा म्हातारा झालाय रे. पानं विरळ झालीत, अगदी तुझ्या डोक्यासारखी. फांद्या फेकल्या, मुळं आपटली, सवयीने. मग जांभई दिली. माझा अंगठा बटणावर होता.

मी मारला नाही. पोरीला म्हटलं, इथली जागा राखून ठेव. ती म्हणाली, "मावशी, अहो, आत्ताच मारायचं असतं!" मी म्हटलं, "तुला काय कळतंय, आमच्यात असं नसतं."

पत्राचं कारण हे. माझ्या भावजयीला घेऊन ये, चिमुरडीला घेऊन ये. येताना चपला आण. भांडी भावजय धुवील, मी पुसेन. नाही, पुसणारही नाही. बसेन.

ठोंब्या, झाडोबा आलाय. लवकर ये.

तुझी,
टेकून बसलेली ताई