सूप ज्याच्या मांडीवर

आत्याबाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. आत्ता पूजा आटोपली, जपमाळ खुंटीला लावली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहायला बसले. नवा कागद कशाला नासायचा, ही तुमचीच शिकवण.

माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष. भाचीच्या बारशाला मी माहेरी साखऱ्याला गेले आणि दोन दिवस जास्तीचे राहिले. परतले त्या दुपारी मी चुलीपुढं भाकरी करते आहे, तुमचा मुलगा, म्हणजे हे, दारात. "आलीस काहून? ऱ्हायचं व्हतं की माहेरीच!" मीही काही कमी बोलले नाही. आवाज ऐकून तुम्ही परसातून आत आलात तेव्हा ह्यांचा हात वर गेला होता. तुम्ही मनगटच धरलंत. "खबरदार! तुझ्या बापाचाबी मी उठू दिला न्हाई." मग ह्यांच्या कपाळाकडं पाहून विचारलंत, "आन् हे टेंगूळ?" हे म्हणाले, "चौकट लागली."

मी पिशवी भरायला घेतली. साखऱ्याची गाडी तासाभरात होती, आणि गेले असते तर परत आले नसते. तुम्ही अडवलं नाही. तुरीच्या डाळीनं भरलेलं सूप आणून आमच्या दोघांच्या मधे ठेवलंत. "गाडीला टाइम हाय, तवर डाळ निवडा. सूप ज्याच्या मांडीवर, त्यानं बोलायचं. दुसऱ्यानं गप ऐकायचं. आन् आपली पाळी आली की आधी समोरचा काय म्हणला ते सांगायचं, मंग आपलं."

"ही काय शाळा हाय का?"

"व्हय. बस खाली."

खडे वेचणारे हात उगारता येत नाहीत, हे मला फार उशिरा उमगलं. सूप आधी ह्यांच्या मांडीवर गेलं. मग खाली बघून म्हणाले, "दोन दिवस नाक्यावर उभा ऱ्हायलो. हरेक गाडी बघितली. पानवाला हसायला लागला." सूप माझ्या मांडीवर आलं. नेमाप्रमाणं मी म्हणू लागले, "हे म्हणतात, दोन दिवस नाक्यावर..." आणि तिथंच पिशवी पायानं बाजूला सारली. गाडीचा हॉर्न वाजला, गाडी गेली. रात्री वरणात खडे लागले तशा तुम्ही हसलात, "भांडण निवडलं, डाळ ऱ्हायली की गं तशीच!"

पुढं किती वेळा ते सूप खाली उतरलं! नुसत्या तुम्ही सुपाकडं निघालात तरी आम्हाला हसू फुटायचं. हात मात्र पुन्हा कधी उठला नाही. तुम्ही गेल्यावर दोनेक वर्षांनी बचत गटात शहरातून एक समुपदेशक बाई आल्या. राग आला की थांबा, एकेकानं बोला, समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडानं सांगा, असं समजावू लागल्या. मी म्हटलं, "बाई, आमच्यात ह्याला सूप म्हणतात." सगळ्या हसल्या. मला मात्र हसता आलं नाही.

घरातलं बारीकसारीक मी वहीत टिपते, एवढं मात्र कुठंच लिहिलं नाही. ती चौकट नव्हती, आत्याबाई. ह्यांचा हात वर जायच्या आधी मी उलथणं फेकून मारलं होतं. टेंगळाला हळद तुम्ही मलाच लावायला सांगितलीत; मी मान खाली घालून लावली. हे आजवर बोलले नाहीत, आणि सूप मांडीवर असताना मीही बोलले नाही. हा कागद धाडणार कुठं? देव्हाऱ्यातल्या पोथीखाली ठेवते. आज सूप मांडीवर घेऊनच लिहिते आहे.