पाचव्या चित्राचा खिळा

प्रिय ताई,

आधी फक्त घडलं ते लिहिते.

१. बैठकीची खोली रंगवून झाली. रंग होता तोच, पांढरा. आईच्या मते वेगळा आहे.
२. रंगाऱ्याने भिंतीतले जुने खिळे उपटले आणि भोकांत लांबी भरली. चार खिळे गेले. पाचवा मी काढू दिला नाही.
३. बाबांनी विचारलं, "हा कशाला ठेवलास?" मी म्हटलं, "माझ्या चित्राचा आहे."
४. बाबा म्हणाले, "तुझं कुठलं चित्र? तू कुठे जातेयस?"
५. ते हसत म्हणाले. आईही हसली. म्हणाली, "राहू दे तिचा खिळा. मला पिशवी अडकवायला होईल."
६. आता त्या खिळ्याला पिशवी आहे.

हे फोनवर का नाही सांगितलंस, असं तू विचारशील. फोनवर तू आधी हसतेस, मग मलाही हसू येतं आणि मुद्दा राहून जातो. शिवाय फोन स्पीकरवर असतो. तुझा फोन म्हटलं की बाबा कपाटातला इस्त्रीचा शर्ट काढतात, फक्त आवाज जाणार असला तरी. गच्चीच्या दाराची कडी वर्षभर अडकत होती. मी रोज खांदा लावून दार उघडत होते. तू येणार म्हणून कळलं आणि दोन दिवसांत सुतार हजर. मला तुझा हेवा वाटतो, हे इथेच लिहून टाकते, म्हणजे तुला ओळींच्या मधून शोधत बसायला नको. तुझ्या उपटलेल्या खिळ्याचंही सांगते. चारांत तोही होता, नदीच्या चित्राचा. तो मी वाचवू शकले असते. वाचवला नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहिते, कारण मला वाटतं आपल्या दोघींच्या डोक्यात हा क्रम वेगळा आहे. आजोबा इमारतीचं नवीन काम हातात घेतलं की आधी त्या रिकाम्या जागेवर घडीचं स्टूल टाकून बसायचे आणि समोर दिसेल ते जलरंगात उतरवायचे. चढ, झाडं, खडक, आभाळ. मगच नकाशाला हात. "साहेब, तुम्हाला इमारत सांगितली होती, तुम्ही तर गवत काढताय," असं एक मालक म्हणाला होता, आणि आजोबांनी त्याला उत्तर दिलं होतं, "गवत आत्ताच काढून घेतो. तुमची इमारत झाली की ते मिळायचं नाही." त्यांच्या एकाही चित्रात घर नाही, कारण घर नंतर तेच बांधणार होते. मोठ्या आत्याकडच्या चित्रातला उतार म्हणजे आज शाळा आहे. धाकट्या आत्याकडचं माळरान म्हणजे दवाखाना. काकांकडे आहे ती आमराईसारखी दाट झाडी, तिथे आता गोदामं आहेत. तुझी नदी अजून नदीच आहे, कारण ते काम आजोबांना मिळालं नाही. आणि पाचवं चित्र आपल्या घराच्या जागेचं. डावीकडे मोठा खडक, मागे टेकडीची रेघ, मध्ये काहीच नाही.

जो घर सोडून जाईल त्याने एक चित्र न्यायचं, हा नियमही त्यांचाच. जाणाऱ्याने निघायच्या दिवशी, गरज नसली तरी, स्वतः स्टुलावर चढायचं, आपल्या हाताने चित्र उतरवायचं, आणि घरातल्या मोठ्या माणसाने खाली स्टूल धरायचं. तू निघालीस तेव्हा ते बाबांनी धरलं होतं. आजोबा खुर्चीतून सूचना देत होते आणि तू वर चढून रडत होतीस, म्हणून फ्रेम निसटून खाली उभ्या असलेल्या माझ्या डोक्यावर पडता पडता राहिली. बाबा स्वतः कधी कुठे गेले नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला चित्र नाही. त्यांना घर मिळालं.

चित्रं टांगायची पद्धतही आठव. बाहेरच्या माणसाला आपली भिंत नेहमी चुकलेली वाटायची. एक फ्रेम वर, एक खाली, एकही दुसरीच्या रेषेत नाही, आणि सगळ्याच नेहमीपेक्षा खाली टांगलेल्या. पाहुणे म्हणायचे, चित्रं घसरलीत वाटतं. आजोबा फ्रेमकडे बघतच नव्हते. स्टुलावर बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर जे क्षितिज असतं, त्याच्या दोन बारीक खुणा ते कागदाच्या दोन्ही कडांना पेन्सिलीने करून ठेवायचे, आणि भिंतीवर त्या सगळ्या खुणा एका पातळीत आणायचे. कुणाचं क्षितिज कागदाच्या तळाशी, कुणाचं मध्यावर, म्हणून फ्रेमा वरखाली. पण समोरच्या खुर्चीत बसलं की आपण आजोबांच्या स्टुलावर बसलेलो असायचो. पाचही जागा एकदम समोर.

ओल आली म्हणून त्या भिंतीचा गिलावा नव्याने केला, ते तुला आठवत असेल. आत्यांची चित्रं तेव्हा गेलेली होती, तरी आजोबांनी त्यांचेही खिळे पुन्हा ठोकले, अगदी मापात. त्यासाठी ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली होती, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं म्हणून. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला तू. मला काय काम होतं? पाणी हलायचं थांबलं की "थांबलं" म्हणायचं. मी नळीला नाक लावून उभी असायचे आणि तू मुद्दाम टोक हलवायचीस. मी "थांबलं" म्हणायला तोंड उघडलं की पाणी पुन्हा वर. आजोबांना तिकडून दिसायचं सगळं. ते तुला ओरडायचे नाहीत, हसायचे. आज मी पुलांच्या कामावर पातळ्या तपासते. यंत्रं आता पुष्कळ चांगली आहेत. पण नळीचं दुसरं टोक माझ्या हातात त्या दिवशी आलं नाही ते नाहीच.

खिळे ठोकून झाल्यावर त्यांनी आपल्याला भिंतीला टेकवून उभं केलं. तुझे डोळे बरोबर क्षितिजावर आले. आजोबा म्हणाले, "आता ही चित्रात उभी राहिली." मी चवड्यांवर उभी राहिले तरी पोचेना. त्यांनी माझ्या पायाखाली ड्रॉइंगचा फळा सरकवला, तर तू म्हणालीस, "असं चालत नाही, ही फसवाफसवी आहे." तुझं बरोबर होतं. मी फळ्यावरून उतरले. पुढच्या वर्षी माझे डोळे आपोआप तिथे पोचले, पण तोवर तो खेळ कुणाच्या लक्षात राहिला नव्हता.

आता पाचव्या चित्राचं. तू नवं घर घेतलंस त्यानंतरच्या भेटीत मी कामावर होते. संध्याकाळी आले तर भिंतीवर फिकट चौकोन. आईने सांगितलं ते असं. तू म्हणालीस, सोफ्यावरची भिंत अगदी उघडीबोडकी दिसते, हे नेऊ का बाबा? आणि बाबांनी "त्यात विचारायचं काय" म्हणून स्वतःच स्टूल आणलं. आईने म्हणे विचारलं, "धाकटीसाठी राहू द्यायचं ना एक?" त्यावर बाबा म्हणाले, "तिला चित्र कशाला? तिच्याकडे ती जागाच आहे की." मी बूट धुतले, जेवले. तू रात्री फोटो पाठवलास, त्यावर मी "छान दिसतंय" लिहिलं. सोफ्याच्या रंगाला ते खरंच शोभत होतं. तेच मला सहन होत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मी तुझ्याकडे दोन रात्री राहिले. सोफ्यावरच झोपले, म्हणजे त्या चित्राखाली. तुम्ही सगळे बाहेर गेलात तेव्हा मी टेप काढली. तू हसशील, पण माझ्या पिशवीत ती असतेच. तू चित्राला नवी फ्रेम करून घेतली आहेस आणि त्यात चित्राभोवती जाड पुठ्ठ्याचा रुंद माउंट घातला आहे. कडांच्या दोन्ही खुणा त्याच्याखाली गेल्या. शिवाय ते टांगलं आहे शेजारच्या आरशाच्या वरच्या कडेशी जुळवून. खुणा कुठे असायच्या ते मला पाठ आहे, म्हणून क्षितिजाची उंची मोजता आली. ताई, तुझ्याकडे आजोबा सोफ्यावर चढून उभे आहेत, आणि तेही चवड्यांवर. मी तुला तेव्हा म्हणाले नाही. बरोबर उंचीवर आणून लावण्याचा मोह झाला होता, पण हातोडी कुठे ठेवतेस ते माहीत नव्हतं.

पण टेप धरलेली असताना आणखी एक दिसलं, आणि ते मी इतके महिने कुणाशी बोलले नाही. काचेवर ठसे होते. बाकी काच स्वच्छ. एकाच जागी, खडकाच्या उजवीकडे, बोटांचे ठसे, एकावर एक. तुझ्या मुलाचा हात तिथवर पोचत नाही. खडक अजून आपल्या फाटकाशी आहे, त्यामुळे हिशेब अवघड नव्हता. चित्रातल्या त्या गवतावर आज आपलं स्वयंपाकघर आहे. ओटा, साधारण. जिथे आई उभी असते.

मी ते पुसले नाहीत. त्या दिवशी जेवताना तू म्हणालीस, "तुझं बरं आहे बाई. आयतं घर, आयते आईबाबा." मला राग आला. कडी, सुतार, शर्ट, सगळं जिभेवर आलं होतं. मग तूच म्हणालीस की तुला मध्येच स्वप्न पडतं, आपल्या खोलीत आहेस आणि मी दिवा बंद करत नाहीये. मी पाणी प्यायले. तुलाही माझा हेवा वाटत असेल हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. आलं तर मला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. इतकी वर्षं त्याच ओट्याशी चहा करते, पण त्या जागेला हात लावून बघावं असं मला एकदाही वाटलेलं नाही. तुला इतक्या लांबून वाटतं. मग मला त्याचाही हेवा वाटला.

तर आता मुद्दा. हिवाळ्यात तुझ्याकडे राहिले त्या दोन दिवसांचं कारण मी तुला प्रशिक्षण म्हणून सांगितलं होतं. ती मुलाखत होती. एका लांब पुलाचं काम आहे, इथून फार दूर, चार-पाच वर्षं चालेल. मला घेतलं आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं आहे, आणि मी जाणार आहे. हे घरात अजून कुणालाच माहीत नाही. बाबांनी "तू कुठे जातेयस" म्हणून विचारलं, तेव्हा उत्तर माझ्या खिशात घडी करून ठेवलेलं होतं. ते तसं नाही काढता आलं. त्यांनी टोमणा मारला नव्हता, हे मला कळतं. त्यांना स्वतःला हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही, म्हणून तो त्यांना हसण्यासारखा वाटतो. माझी तुझ्याकडे एकच मागणी आहे. पाचवं चित्र घेऊन ये. कुरियरने नको, नदीचं देऊन भागवणं नको, आणि मी तुझ्याकडे येऊन घेऊन जाणंही नको. ते त्या खिळ्यावर परत लागायला हवं, म्हणजे मला ते माझ्या हाताने उतरवता येईल आणि बाबांना स्टूल धरता येईल. माउंट काढून आण, टांगायचं मी बघते. नळी आणली आहे. एक टोक तू धर, हलवू नकोस. चित्र भिंतीवर आलं की मी त्याच दिवशी आईबाबांना सांगेन. तोवर तू सांगू नकोस. तुझी भिंत रिकामी होईल हे मला ठाऊक आहे, आणि ते ठसे बघूनही मी मागते आहे, हेही तुला ठाऊक असू दे. परत येणाऱ्याने चित्राचं काय करायचं, याचा नियम आजोबांनी केलेला नाही. तो आपण दोघी करू. पण आधी मला एकदा जाऊ दे. येणार की नाही, ते पंधरा तारखेपर्यंत लिहून कळव.

तुझीच,
धाकटी