पापणी लवेपर्यंत

सोमवार, ३

आले एकदाची! दोन पेट्या, शिवणाचा डबा आणि मी, सगळे धडधाकट. खोली दुकानाच्या वर, दोन जिने चढून. पूर्वेला खिडकी, एक पलंग, एक कपाट (त्याचं दार लावलं की पुन्हा आपोआप उघडतं, सांगितलेलं ऐकत नाही) आणि समोर मोकळी पांढरी भिंत. पलंगाच्या पायथ्याशी भुंग्याची चटई मावते, टेपने मोजून पाहिलं. भुंगा म्हणजे माझी लेक, वय वर्षं सात. जागी असली की सतत गुणगुणते, म्हणून भुंगा. तिचे बाबा गेल्यापासून ती माझ्या दादाकडे असते. दादा म्हणाला, आधी तुझी नोकरी पक्की होऊ दे, मग पोर ने. वहिनी काहीच म्हणाली नाही, पण तिचं न बोलणं चार घरं पलीकडे ऐकू जातं.

काम रफूचं. खाली कपडे धुण्याचं मोठं दुकान आहे. तिथलं फाटलेलं, जळलेलं, उंदरांनी चाखलेलं सगळं माझ्या टेबलावर येणार. महिनाभर काम बघू, मग कायम करू, असं मालक म्हणाले. बघा की, हातच्या काकणाला आरसा कशाला?

गुरुवार, ६

हात शहाणे, डोळे दगाबाज. काळ्या कोटावर काळ्या धाग्याने रफू करायचं होतं, तर तासाभरात सगळा कोट म्हणजे एक डबकं झालं. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मालकांनी पाहिलं. डोळे गेले तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर भुंगा दादाकडेच मोठी होणार. रडू आलं, तेही डोळ्यांतूनच.

संध्याकाळी घरमालकीणबाईंनी उपाय सांगितला. माझ्या खोलीत आधी एक योगशिक्षक राहायचे. भिंतीवर, खाली बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर येईल असा, शर्टाच्या बटणाएवढा काळा ठिपका आहे, तो त्यांनीच काढलेला. मला वाटलं होतं खिळ्याचं भोक आहे. ते रोज सकाळी त्याच्यासमोर बसून त्राटक करायचे. म्हणजे पापणी न लववता एकटक बघायचं, पाणी आलं की डोळे मिटायचे आणि मिटल्या डोळ्यांत उमटेल तेवढं शांतपणे पाहायचं. त्यांची नजर इतकी तेज झाली होती म्हणे, की गल्लीच्या टोकाची पाटी वाचायचे. मी विचारलं, वारले की काय बिचारे? त्यावर बाई सुस्कारा सोडून म्हणाल्या, त्यांनी काही डोळे मिटले नाहीत हो. मी म्हटलं, छान झालं, उदंड आयुष्य लाभो. बाईंनी माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं.

सोमवार, १०

चार दिवस झाले. ठिपक्याखाली पेन्सिलीने बारीक आकडे लिहिलेत, ती मास्तरांची मिनिटं असावीत. पाच, नऊ, चौदा असे चढत चढत पंचेचाळीसपर्यंत. पुढे भिंत कोरी. मी आज सहा मिनिटं बसले. डोळे मिटल्यावर आत पांढरा ठिपका दिसतो, काळ्याचा उलटा. आधी हलतो, मग विरतो. मन इतकं निवांत होतं की कपाटाच्या दाराचाही राग येत नाही.

शनिवार, १५

कोट जमला! उभा-आडवा एकेक धागा वेगळा दिसत होता. गिऱ्हाईक भोक शोधत बसलं, सापडेना. मालक खूश झाले आणि कायम केलं, महिना भरायच्या आधी! दादाला लगेच फोन केला. मंगळवारी भुंगा येणार.

सकाळी एकवीस मिनिटं झाली. एकच सांगायचं राहिलं. आतला पांढरा ठिपका आता विरत नाही. तो मोठा होत होत एक लांबट पांढरी खोली होतो आणि तिच्या पार टोकाला कोणीतरी पाठमोरं बसलेलं असतं. मास्तर असतील, असं स्वतःशीच म्हणून हसले. थकव्याने दिसत असेल काहीबाही.

बुधवार, १९

काल भुंगा आली. खोलीभर गुणगुण आहे. जिना चढता-उतरता कुठे आहे ते आवाजावरून कळतं, बघावं लागत नाही. रात्री आमचा जुना खेळ खेळलो, एकमेकींकडे टक लावून बघायचं, जिची पापणी आधी लवेल ती हरली. आता मला कोण हरवणार? पण ती नेहमीचा लबाडपणा करते. हरायची वेळ आली की गुणगुण थांबवते, गाल फुगवते आणि माझ्या डोळ्यांवर फुंकर मारते. मग मी हरते आणि ती पलंगावर नाचते. किती दिवसांनी इतकी हसले.

सकाळी छत्तीस मिनिटं. पाठमोरा माणूस आता पाठमोरा नाही. चेहरा अजून दिसत नाही. बसल्या जागी वळलाय एवढंच.

गुरुवार, २०

दुकानात इस्त्रीवाला म्हणाला, ताई, तुमच्या पापण्या लवत नाहीत. चेष्टेत म्हणाला. पण मग पुढे कपडे दुसऱ्या टेबलावर ठेवू लागला.

घरी आले तर भुंगा भिंतीसमोर मांडी घालून बसलेली, माझ्यासारखीच. कधीपासून बसली होती कोण जाणे, गालांवर पाणी होतं. म्हणाली, आई, आतल्या काकांनी डोळे मिटलेच नाहीत, मीच हरले. आणि म्हणाली, ते उठले.

तिला दोन धपाटे घातले. आयुष्यात पहिल्यांदा. मग जवळ घेऊन मीच रडले.

ठिपक्यावर कॅलेंडर टांगलं. दृष्टीआड सृष्टी.

शुक्रवार, २१

सृष्टी आड होत नाही. ठिपका भिंतीवर नाही, डोळ्यांत आहे. रस्त्यात, जिन्यात, सुई ओवताना, पापणी लवली की ती पांढरी खोली दिसते आणि तो उभा असतो. प्रत्येक वेळी थोडा अलीकडे.

आज खोली नीट पाहिली. पूर्वेला खिडकी आहे. कपाटाचं दार उघडं आहे. ती माझीच खोली आहे. या टोकाला चटई आहे, चटईवर भुंगा झोपलेली आहे. तो माझ्याकडे चालत नाही. तिच्याकडे चालतोय.

मालकीणबाईंना स्पष्ट विचारलं, मास्तर गेले कुठे. बाई म्हणाल्या, अहो, सांगितलं नव्हतं का? वारले, त्याच भिंतीसमोर बसल्या बसल्या. तिघांनी मिटवून पाहिले, पण डोळे मिटले नाहीत. मग तसेच नेले.

आणि मी त्यांना उदंड आयुष्य दिलं होतं. मूर्ख बाई!

शनिवार, २२

भुंग्याला खाली मालकीणबाईंकडे बसवलं. तरी मिटल्या डोळ्यांत ती इथेच, चटईवर. बागेत नेली, तरी चटईवरच.

दादाकडे होती तोवर ती त्या खोलीत नव्हती. दादाकडे परत गेली की नसेल. हेच खरं असलं पाहिजे. दादाला फोन केला, कारण सांगितलं नाही. सांगणार काय? तो चिडला, म्हणाला, पोर म्हणजे काय चेंडू आहे? उद्या सकाळी दहाला येतो म्हणाला. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही, हे त्याचं बरं आहे.

आज डोळ्यांत तेल घालून जागायचं. लोक नुसतं म्हणतात.

रविवार, २३

पहाटे डोळा लागला. किती वेळ, माहीत नाही. जागी झाले तेव्हा पापणीआड तो चटईशी वाकला होता. हात पुढे. बोटांच्या आणि तिच्या केसांच्या मध्ये सुईएवढं अंतर —

आता एकदाही नाही. एकदाही मिटायचे नाहीत.

सव्वानऊ

कॅलेंडर काढून ठिपक्यासमोर बसले. इथेच मला सगळ्यात जास्त वेळ बघता येतं. उघड्या डोळ्यांसमोर तो हलत नाही. मास्तरही त्याला असेच धरून बसले असतील. कोणासाठी, ते विचारायचं राहिलं.

वही मांडीवर आहे, न बघता लिहितेय. ओळी एकमेकींवर चढत असतील. लिहिलं नाही तर डोळे जड होतात.

भुंगा मागे पिशवी भरतेय. गुणगुणतेय. तिला सांगितलं, मामा येईपर्यंत आईशी बोलायचं नाही, आईकडे यायचं नाही. का, ते सांगितलं नाही. घाबरली असती —

पाणी वाहतंय. वाहू दे. ठिपका दिसतोय.

घड्याळाचे टोले झाले. दहा. दादा, ये रे —

खाली दार वाजलं. त्याचाच आवाज. मालकीणबाई बोलत बसल्यात. सोडा त्याला बाई, सोडा —

जिन्यात पावलं. पहिला जिना.

गुणगुण जवळ आली. उजवीकडे. भुंगा म्हणतेय, आई, तू खेळ खेळतेस ना? मला न घेता?

नाही गं, नाही. तिला कळत नाहीये. हसतेय. माझ्या तोंडाजवळ आली, डोळ्यांच्या कडेला तिची वेणी दिसते. हात वहीवरून काढला तर मान हलेल, मान हलली तर —

दुसरा जिना. दादा, लवकर —

गुणगुण थांबली.

गाल फुगवलेत. राणी, नको, तू जिंकलीस, तूच जिंकलीस, फुं