पडद्यावरचा पाय

मिशन कंपाउंड, शिरूर

प्रिय डॅनी,

सप्रेम सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू मर्सीला विचारशील, अक्काला आता फोन परवडत नाही का म्हणून. परवडतो रे. पण फोनवर दवाखाना हा शब्द निघाला की तुझी रेंज जाते, हे मला चांगलं ठाऊक आहे. दौंडात एवढे टॉवर असून ती नेमकी तेव्हाच कशी जाते देव जाणे. पत्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण हे तू फाडणार नाहीस, कारण यात आपले आप्पा आहेत. मर्सी म्हणत होती, तू हल्ली पाय ओढत चालतोस आणि कुरकुंभच्या कंपनीनं दिलेल्या सेफ्टी शूजवर खापर फोडतोस. त्याचं नंतर बघू. आधी माझी बातमी ऐक.

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीतून निवृत्त होऊन इथं आले, तेव्हा वाटलं होतं की आता मांजरं आणि रविवारची उपासना, एवढंच. पण जित्याची खोड. माझ्या जुन्या ओळखीतून एक काम चालून आलं. चिरफाड न करता रक्तवाहिन्या मोकळ्या करणाऱ्या डॉक्टरांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिचं नाव इतकं लांब आहे की मी तिला आपली 'तारवाल्यांची मंडळी' म्हणते. त्यांना आपला इतिहास लिहून हवाय, आणि त्यातला भारताचा भाग माझ्याकडे आलाय. लिस्बनच्या ऑफिसातून त्यांनी जुनी भाषणं, फोटो आणि फिल्मा पाठवल्या. आप्पांच्या पायपेटीवर लॅपटॉप ठेवून मी ते सगळं बघत बसते. पेटीचा भाता कधीच फाटलाय, तेव्हा तिचा एवढाच उपयोग उरलाय.

इतिहास तसा गमतीचा आहे. मांडीच्या सांध्यात सुईएवढं भोक पाडायचं, त्यातून बारीक तार सरकवायची आणि जिथं वाहिनी तुंबली असेल तिथं इवलासा फुगा फुगवून वाट करायची, असं करणारे डॉक्टर सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. कापणारे सर्जन त्यांना प्लंबर म्हणून हिणवायचे. मोठ्या परिषदांत यांना बोलायला मिळायचं ते लोक जेवायला गेल्यावर. शेवटी वैतागून हे लोक लिस्बनच्या एका हॉटेलात नाश्त्याच्या टेबलाभोवती जमले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. तरी लोकांचा विश्वास बसेना. म्हणून त्यांनी एक प्रथा पाडली. दरवर्षीच्या संमेलनात खरा पेशंट टेबलावर घ्यायचा, दवाखान्यात कॅमेरे लावायचे, आणि हॉलमध्ये बसलेल्या शेकडो डॉक्टरांना पडद्यावर ते काम चालू असताना दाखवायचं. वाहिनी उघडली की हॉल टाळ्या वाजवणार. या टाळ्यांवरच ही संघटना मोठी झाली, असं मी लिहिलंसुद्धा आहे.

एका वर्षी हे संमेलन पुण्यात भरलं होतं. त्याची फिल्म मी गेल्या महिन्यात एका दुपारी लावली. पडद्यावर हिरवी चादर होती आणि तिच्याबाहेर एक उघडा पाय. माणूस कुठंच नाही, नुसता पाय. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला. अशी नखं शंभर जणांची असतील, असं स्वतःला बजावत होते, तेवढ्यात तो अंगठा हलला. ठेका धरल्यासारखा. एक, दोन, आणि तिसऱ्या ठोक्यावर जरा रेंगाळून पुढं.

तुला सांगायला नको, तो ठेका कोणाचा. सुतारशाळेत पोरांना शिकवताना पटाशी पायावर पडली, तेव्हापासून आप्पांचं नख तसं होतं, आणि रविवारी उपासनेत मंडळीकडं पाठ करून पेटी वाजवताना तिसऱ्या ठोक्यावर रेंगाळायची त्यांची सवय तर कुठल्याच पाळकाला मोडता आली नाही. उलट सगळी मंडळीच तसं गायला शिकली. अजूनही आपल्या देवळात त्या जागी सगळे थांबतात आणि बाहेरगावचा पाहुणा एकटाच पुढं जाऊन ओशाळतो. मी फिल्म बंद केली आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

खरं सांगते, तेव्हापासून मला या घरात एकटीला बसवत नाही. भुतांवर माझा विश्वास नाही, आपल्याला तसं शिकवलेलंच नाही. पण दुपारी सगळं शांत झालं की आतल्या खोलीतून पेटीचे पायटे दाबल्याचा आवाज येतो. उंदीर असेल. मी उठून बघते, उंदीर नसतो. आणि सगळ्यात वाईट काय, तर त्या फिल्मचा एक छोटा तुकडा काढून तो ही माणसं दरवर्षी संमेलनाच्या उद्घाटनाला दाखवतात. जे आप्पा उभ्या जन्मात पुण्याच्या पलीकडं गेले नाहीत, त्यांचा पाय सेऊलला गेला, टोरांटोला गेला, व्हिएन्नाला गेला. तो पाय ठेका धरतो, हॉल हसतो, वाहिनी उघडते, टाळ्या पडतात. खाली अक्षरं येतात, 'यशस्वी'. त्या पायाच्या माणसाचं काळीज त्याच उन्हाळ्यात बंद पडलं आणि आपण त्याला आपल्या दफनभूमीत ठेवून आलो, हे त्यात कुठंच नाही.

त्या दिवशी तू आप्पांना एसटीनं पुण्याला नेलं होतंस. मी परीक्षेच्या कामात अडकले होते, आणि दिवसभर त्या दाराबाहेरच्या बाकावर तू एकटा बसला होतास. दाराखालून आत गेलेल्या जाड वायरी तू पाहिल्यास आणि नंतर तुला कळलं की आत कॅमेरे होते. त्यांनी आप्पांचं न विचारता नाटक केलं, त्या तारेनंच त्यांचा जीव घेतला, असं तू तेव्हा म्हणालास आणि आजवर तेच म्हणत आलास. तेव्हापासून तू दवाखान्याची पायरी चढला नाहीस. तुझ्या रविराजच्या जन्माच्या वेळीही तू फाटकाबाहेर टपरीवर उभा होतास. मी तुला कधी काही बोलले नाही, कारण तू चुकतोयस हे सांगायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

म्हणून मी लिस्बनवाल्यांकडून न कापलेली पूर्ण फिल्म मागवली. तिच्यात आतल्या खोलीतला आवाजही आहे. डॅनी, त्यांना विचारलं होतं रे. डॉक्टर ईश्वर गव्हाणे, तेव्हाचे तरणेबांड, आप्पांजवळ वाकून मराठीत विचारतात की तिकडं हॉलमध्ये पुष्कळ डॉक्टर बघणार आहेत, चालेल ना. आणि चादरीमागून आप्पांचा आवाज येतो. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून मी रडले, हे आधीच सांगून ठेवते.

"बघू द्या की. दर रविवारी मंडळी माझी पाठ बघती. आज पाय बघत्याल. पर सांगायचं तरी हुतं, धुऊन आलो असतो."

मग मी गव्हाणे डॉक्टरांना फोन केला. आता ते थकलेत. मी कोणाची मुलगी ते आधी सांगितलं. मी त्यांना सरळच विचारलं की तारेनं आमचे आप्पा गेले का. त्यांनी हात झटकले नाहीत. म्हणाले, तार पायात नीटच चालली होती, पण ज्याच्या पायाची वाहिनी तुंबते त्याच्या काळजाचीही तुंबलेली असू शकते, आणि ते आम्ही बघायला हवं होतं. त्या दिवशी हॉल पाय बघत होता, म्हणून आम्हीही पायच बघत राहिलो. पेशंट टेबलावरून उतरला की आमच्या लेखी केस संपायची. हे मी जसंच्या तसं इतिहासात लिहिणार आहे. छापतील की नाही ते त्यांचं ते जाणोत, मी खोडणार नाही. राग मलाही आलाय, तुझ्याइतकाच, पण आता तो नेमका कशाचा ते तरी कळलंय.

आणखी एक. आप्पा गेल्यावर एक माणूस मोटारीनं कंपाउंडच्या फाटकाशी आला होता आणि तू त्याला आत येऊ दिलं नव्हतंस, आठवतं? ते गव्हाणे होते. आप्पांना तपासायला आले होते, ते गेल्याचं त्यांना तुझ्याकडूनच कळलं. फाटकावरून माघारी गेल्यावर त्यांनी संघटनेत भांडून एक नियम करून घेतला. यंदा ज्याला पडद्यावर दाखवलं, त्याचं पुढं काय झालं हे पुढच्या वर्षी व्यासपीठावरून आधी सांगायचं, मगच नवी केस. मेलेला असला तर तसंही सांगायचं. तो नियम आजही आहे. आप्पांचं मात्र कोणी सांगितलं नाही, कारण त्यांची केस नियमाच्या आधीची. आता गव्हाणे सांगणार आहेत, पुढच्या संमेलनात, त्या तुकड्याच्या जागी उभं राहून, आप्पांच्या नावानिशी.

पण हे सगळं लिहायला मी बसले ते यासाठी नाही. गेल्या आठवड्यात मर्सीचा फोन आला. तुझा अंगठा काळानिळा पडलाय, रात्री तू पाय पलंगाखाली लोंबता ठेवून बसतोस, आणि झोपतानाही मोजा काढत नाहीस म्हणजे तिला दिसू नये. तिनं पाहिलंय. बायकोपासून पाय लपवणारा शहाणा माणूस तूच. आप्पांचंही अस्संच सुरू झालं होतं, ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. त्या फिल्ममध्ये टाळ्या संपल्यावर पुढं थोडं आहे, ते मी अजून कोणालाच दाखवलेलं नाही. डॉक्टर आप्पांच्या पावलावर हात ठेवून गरम झाला, गरम झाला म्हणतायत. सगळ्यांच्या कानाला हेडफोन, त्यात हॉलमधला गलका. आणि आप्पा चादरीमागून म्हणतात, "झालं न्हवं? मग आमच्या डॅनीला आत घ्या. पोरगं सकाळधरनं भ्यालंय भाईर." कोणाला ऐकूच गेलं नाही. ते पुन्हा एकदा म्हणतात, "डॅनीला आत घ्या," आणि कॅमेरा बंद होतो. तुला कोणी बोलावलं नाही, आणि तू त्या बाकावरून आजवर उठला नाहीस. हा तुझा निरोप होता, मी आणून दिला. बुधवारची वेळ घेतलीय, गव्हाण्यांच्याच विद्यार्थिनीकडं, आणि आधी छाती तपासायची, मग पाय, हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलंय. मंगळवारी मी न्हावऱ्याच्या गाडीनं येते. चौफुल्याला उसाच्या ट्रॅक्टरांनी अडवलं तर उशीर होईल, पण येणार. मोजा काढून बस.

तुझीच, या खेपेला तुझ्याबरोबर आत येणारी,
कृपाअक्का