बाबाच्या पदातली थांबायची जागा

प्रिय बाबा,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू लगेच आईकडे देतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. आधी तू एकटाच वाच. मी बरी आहे. पणजीतल्या नोकरीला चार महिने झाले. घरमालकीण शांताबाई माया करते, फक्त सकाळचा पाव संध्याकाळी गरम करून ताजा म्हणून वाढते.

ऑफिसातून आले की मोबाईलवर जुनी गाणी ऐकत बसते. गंमत म्हणजे यातलं एकही गाणं मला नवीन नसतं, आणि तरी ओळखीचंही वाटत नाही. कारण ती सगळी माझ्याकडे आपल्या पार्शे गावच्या माणसांच्या गळ्यातून आली. मोठमोठ्या बुवांचे अभंग मी आधी सखारामदादाकडून ऐकले, तो काजूचे बोंडू पायाने मळून रस काढत असताना. शब्द आठवला नाही की तो तिथे 'विठ्ठल विठ्ठल' घालायचा. कॉलेजात पहिल्यांदा मूळ अभंग ऐकला, तेव्हा बुवांनीच विठ्ठल गाळला असं मला वाटलं. हॉस्टेलमधली माझी मडगावची मैत्रीण गौरवी यावर दोन दिवस हसत होती.

आणि जत्रेच्या नाटकातलं तुझं पद. राज्य सोडून निघालेल्या राजाचं. ते तू बागायतीला पाणी सोडताना म्हणायचास, दाढी करताना म्हणायचास, आई ओरडली की थोडं मोठ्याने म्हणायचास. दुसऱ्या ओळीनंतर तू एका सुरावर थांबायचास, इतका वेळ की मांडवात पुढे बसलेली मीही श्वास धरायची. मग तू हळूच खाली उतरायचास. राजाच्या तोंडून पुढचा शब्द निघत नाही, असं मला वाटायचं. सात-आठ वर्षांची असेन, दर जत्रेला तिथे रडायची.

गेल्या महिन्यात तालमी सुरू झाल्या तेव्हा गौरवीला मी मुद्दाम घेऊन आले. तू पद म्हटलंस, थांबायचास तिथे थांबलास, आणि संपल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं की मूळ पद असं नाही. मोबाईलवर जुनं ध्वनिमुद्रण लावलं. त्यात ते थांबणं कुठेच नव्हतं. तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग म्हणालास, "माका येवडांच येता गो." आणि पदांची वही तुझ्या पुतण्याकडे, प्रज्योतकडे दिलीस. खोटं कशाला सांगू, परतताना बसमध्ये मला बरंच वाटत होतं. आपल्या घरात पहिल्यांदा कोणी पदवी घेतली, त्या शिक्षणाचा गावाला काही उपयोग झाला, असं.

पुढच्या आठवड्यात अनंतकाका पणजीच्या बसस्टँडवर भेटला. तुझ्या पदाला पेटीची साथ तोच करतो, म्हणून त्या थांबण्याबद्दल त्याला विचारलं. देवळाच्या जुन्या पेटीत म्हणे एक सूर वाजतच नसे. तो सूर आला की तू आधीच्या सुरावर उभा राहायचास आणि अनंतकाका बोटं पुढे सरकवून घ्यायचा. नवी पेटी आली तरी तुम्हा दोघांची सवय राहिली. तो हसत हसत सांगत होता. मला बसमध्ये चढवेना.

नंतर प्रज्योतने तालमीतलं त्याचं पद पाठवलं. सूर न सूर मोबाईलसारखा, कुठे बोट ठेवायला जागा नाही. ते ऐकता ऐकता मी कपडे धुऊन वाळत घातले. संपलं तेव्हा कळलंही नाही.

काल त्याचाच फोन आला. तो म्हणाला, काकाचं पद माझ्या तोंडी शोभत नाही, मी म्हणणार नाही. मंडळाने ठरवलंय की मंगळवारच्या तालमीपर्यंत कोणी उभं राहिलं नाही तर पद गाळून नाटक करायचं. प्रज्योतने तुला विचारलं, तर तू म्हणालास, आपल्या शिकलेल्या चेडवाने सांगितलं ते खरंच असणार.

ते खरं नव्हतं, बाबा. मी पद सुधारायला बोललेच नव्हते. गौरवीच्या घरी गाण्याचं वातावरण आहे, तिचे वडील मैफली ऐकणारे. तू त्या सुरावर थांबलास तेव्हा तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि मला तुझी लाज वाटली. मला खरं गाणं कळतं, एवढंच तिला दाखवायचं होतं. त्यासाठी सगळ्या गावासमोर तुला गप्प केलं. परवा तिलाच विचारलं, त्या दिवशी असं का पाहिलंस म्हणून. ती म्हणाली, राजाचं पुढे काय होतं ते तुला माहीत असणार, म्हणून पाहिलं. हे तुला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहिलं. माझ्यावर राग धर, हवा तितका. पण पदावर नको. उत्तर लिहू नकोस. मंगळवारी तालमीला जा आणि प्रज्योतकडून वही मागून घे.

तुझीच,
सुविधा