पिकअपमधली पुढची जागा

बाबा,

आपल्या घरी पिकअप आली आहे. तुम्ही चालवायचात तसली, ताडपत्रीची आणि खडखडणाऱ्या दारांची नव्हे. हिला चार दारं आहेत, आत गार हवा आहे, पुढच्या काचेखाली लहान टीव्हीसारखा पडदा आहे आणि मागे सामानासाठी उघडा हौदा. रंग ओल्या राखेचा. बेसा वस्तीतल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये ती पुरती मावत नाही. फाटक लागावं म्हणून तिचं नाक स्वयंपाकघराच्या खिडकीला जवळजवळ टेकवून उभी करावी लागते, त्यामुळे भर सकाळी मी दिवा लावून पोळ्या करते. पूर्वी मान वर केली की खिडकीतून समोरच्या घरची पपई दिसायची, थोडं आभाळ दिसायचं. आता तिथे गाडीची जाळी दिसते, दात आवळून धरल्यासारखी. आणि ही गाडी, बाबा, तुमच्या पणतीसाठी घेतली आहे.

तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा नीट बोलतही नव्हता. आता त्याचं कळमेश्वरला लोखंडी शेड बांधून द्यायचं काम आहे. लग्न त्यानं स्वतःच्या पसंतीनं केलं. सून काटोलकडच्या शेतकरी घरातली, आपल्या समाजातली नव्हे. दोन्ही घरांनी ते मानानं निभावलं, तरी अजूनही आम्ही एकमेकांशी बोलताना शब्द चाळून घेतो. दिवाळीच्या सुमारास त्यांना मुलगी झाली. तोवर दोघांचं स्कूटरवर भागत होतं. बाळ आल्यावर गाडी हवी, यावर कुणाचं दुमत नव्हतं. कोणती, यावर मात्र महिनाभर घरात कुजबुज चालली होती.

सुनेला एक बुटकी पांढरी कार हवी होती. तिनं सगळं वाचून ठेवलं होतं. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची नीट अडकते, काचेतून मागचं जमिनीपर्यंत दिसतं, पोर्चमध्ये मावते. मुलाचं मन पिकअपवर बसलं होतं, कारण पाइप न्यायचे तर दुसरं वाहन ठेवावं लागणार नाही. शोरूममध्ये आम्ही चौघं गेलो, बाळ माझ्या कुशीत.

"आई, रणगाडा आहे हा," तो बॉनेटवर थाप मारत म्हणाला. ते बॉनेट माझ्या छातीला लागत होतं. "कोळशाचा ट्रक जरी घासला ना, तर त्यालेच लागेल."

"आणि समोर ट्रक नसला तर?" सून म्हणाली. "समोरच्या गाडीत पण एखादं लेकरू असेल ना."

"तू काहून असं बोलून राहिली? लेकरासाठीच तर घेऊन राहिलो मी."

विकणारा मुलगा हात चोळत मध्ये आला. "मॅडम, फुल फॅमिली गाडी आहे. पाइप पण टाका, पाळणा पण टाका."

"मग पाइपांचाच पाळणा करून द्या ना," सून म्हणाली, आणि तो बिचारा हसावं की नाही या विचारात उभा राहिला.

मग मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तू बस तर खरी एकदा. तू हो म्हण, मग विषय संपला." तुमचे जावई गेल्यापासून घरात शेवटचा शब्द माझा, असं तो मानतो. मी बाळाला सुनेकडे दिलं, पायरीवर पाय ठेवला, दांडीला धरून वर चढले, आणि दार लागलं. त्या उंचीवरून बाहेरचा रस्ता दिसला आणि मी नऊ वर्षांची झाले. वीज प्लांटची पिकअप सुटे भाग आणायला कामठीला निघाली आहे. तुम्ही मला वाटेत शाळेत सोडणार आहात. माझ्याखाली तुमच्या जाड टॉवेलची चौघडी आहे, म्हणजे मला काचेबाहेरचं दिसावं. तुमचा डावा हात गिअरवर, बोटांच्या पेरांत काळं तेल. "सांग वं, इंग्रजीत सांग, रस्त्यानं काय काय दिसून राहिलं?" आणि मी बुलक, ट्री, गोट असं ओरडत सुटते आणि तुम्ही प्रत्येक शब्दाला "वा रे वा" म्हणता, जसं काही बोकड पहिल्यांदाच पाहताय. कॉन्व्हेंटच्या दाराशी बाकीच्या मुली रिक्षातून उतरायच्या, एखादीच मोटारीतून. मी त्या सगळ्यांहून उंच बसून यायचे. सिस्टरनी एकदा विचारलं, इज दॅट युअर फादर्स कार? मी म्हटलं, यस सिस्टर. मला ते खोटं वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नाही.

शोरूममधल्या त्या सीटला नव्या प्लास्टिकखेरीज कशाचाच वास नव्हता. तरी माझे डोळे भरले आणि मी म्हटलं, "हीच घे." मुलाला वाटलं, आईला नातीचा गहिवर आला. सुनेनं मोबाइलमधला बाळाच्या खुर्चीचा फोटो बंद केला आणि पाणी मागितलं.

गाडी घरी आली त्या दिवशी विहीणबाई काटोलहून आल्या. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, तिच्या तळपायाला काजळ लावलं, मग पदराखालून वीतभर काळी बाहुली काढली आणि गाडीच्या मागच्या फाळक्याच्या कडीला सुतळीनं घट्ट बांधली. "लेकराची गाडी हाय जी, विहीणबाई. लोकाईचे डोळे काही चांगले नसतात. तुमाले चालते ना?"

तुम्ही असतात तर काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. बाराव्या वर्षी आजोबांचं बोट धरून तुम्ही दीक्षाभूमीवर उभे होतात, आणि घरातले सगळे गंडेदोरे त्यानंतर कन्हानच्या पाण्यात गेले, हे तुमच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं आहे. पण ते आपल्या घरात आपल्या माणसांना सांगायचं होतं. समोर नातीवर जीव टाकणारी दुसरी आजी उभी होती. माझ्या नकारात तिला बाहुलीपेक्षा बरंच काही दिसलं असतं. मी म्हटलं, "चालते की."

त्या कडीच्या अगदी खाली मागचा कॅमेरा आहे, बोराएवढा. गाडी मागे घेताना पुढच्या पडद्यावर मागचा रस्ता दिसायला हवा. तिथे आता एक काळं काहीतरी हलत असतं. मुलगा म्हणतो, "बाजूच्या आरशात दिसते ना सगळं. बाहुली काढली तर सासूबाईंना वाईट वाटेल." शिवाय मागे काही आलं की गाडी टीं टीं ओरडायची. आमचा पोर्च इतका चिंचोळा की ती भिंतीला पाहून ओरडायची, फाटकाला पाहून ओरडायची, आणि बाळ दचकून उठायचं. म्हणून त्यानं तो आवाजच बंद करून टाकला. बाळाची झोप मोडू नये म्हणून. एका सकाळी घरात कुणी नसताना मी बाहुली ओढून एका बाजूला सारली, सुतळीला गाठही मारली. संध्याकाळी गाडी कळमेश्वरहून परत आली तेव्हा बाहुली पुन्हा मधोमध लोंबत होती.

परवा ऊन चांगलंच कडक होतं. आमच्या गल्लीतली कुत्री दरवर्षी आधी आणि माणसं मागून ओळखतात की उन्हाळा आला. एक कुत्री पिकअपच्या मागच्या चाकाशी सावलीला येऊन निजली होती. मुलगा घाईत होता. गाडी हातभर मागे सरकली आणि ती केकाटत बाहेर पडली, शेपटी पायात घालून पळाली. तिला काही झालं नाही. मुलानं काच खाली करून मला सांगितलं, "बघ, जनावराले बरोबर कळते." मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते. पोळी करपून गेली.

बाबा, ती दुपार तुम्हाला आठवते का? खापरखेड्याची कॉलनी, मे महिना, क्वार्टरसमोर एकही झाड नाही. तुम्ही जेवायला घरी आला आहात आणि पिकअप दारात उभी आहे. सगळ्या अंगणात सावली काय ती तिच्याखालीच. मी सागरगोटे घेऊन मागच्या चाकाला पाठ टेकून बसले आहे. टायर गरम आहे, पण वाळू गार आहे. तुम्ही रोज निघताना गाडीभोवती एक फेरी मारता, वाकून खाली बघता. त्या दिवशी साहेबांचा निरोप येतो, तुम्ही हातही नीट न पुसता निघता आणि सरळ वर चढता. इंजिन सुरू होतं. ते मला आधी पाठीत कळतं, मग कानांत. मी उठत नाही. मला वाटतं, बाबांना माहीत आहे मी इथे आहे. बाबांना सगळं माहीत असतं. मग इंजिन चालू ठेवून तुम्ही खाली उतरता.

"काहून बसली वं इथं? काहून बसली? मरायचं हाय का तुले?" आणि थप्पड. त्याआधी तुम्ही मला कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. मी रडायला लागायच्या आधी तुम्हीच खाली धुळीत बसलात, गुडघ्यांवर हात ठेवून. आईनं पाणी आणलं तर तांब्या तुमच्या हातात ठरेना. निरोप्या दारात उभा राहून बघत होता. त्या दुपारी गाडी दुसऱ्यानं नेली. संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी बर्फाचा लाल गोळा आणलात, वाटीत घालून माझ्यापुढे ठेवलात. मी रुसून तो खाल्ला नाही. वितळून त्याचं लाल पाणी झालं, तरी तुम्ही ती वाटी तिथून उचलली नाहीत.

कित्येक वर्षं मला त्या थपडेचाच राग होता. तुम्ही का उतरलात, ते मी कधी विचारलंच नाही. आता विचारावंसं वाटतं. काही ऐकू आलं होतं का? सागरगोट्यांचा आवाज? की फेरी राहिल्याचं आठवलं? की नुसता रुमाल आत विसरला होता आणि तो घ्यायला तुम्ही उतरलात? बाबा, रुमाल असेल तर मला सांगू नका.

आज सकाळी तुमची पणती पहिल्यांदा पालथी पडली. आम्ही टाळ्या वाजवल्या. ती मान उचलून दाराकडे बघत होती, जिथून पोर्चमधला उजेड येतो तिकडे. मी मनातल्या मनात महिने पुढे ढकलत गेले. रांगायला लागेल तेव्हा ऐन उन्हाळा असेल. घरातली फरशी तापलेली असेल, दार उघडं असेल, आणि बाहेर सावली कुठे असेल ते मला माहीत आहे.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. टाळ्या वाजवायची ती थांबली होती. "आई, तुम्ही त्यांना सांगा ना. देऊन टाकू ही गाडी, दुसरी घेऊ. ते तुमचं ऐकतात."

"काय सांगू गं?"

"तुम्हाला पण भीती वाटते. गाडी निघायच्या वेळी तुम्ही रोज खिडकीशी येऊन उभ्या राहता. मला दिसत नाही का?"

"रांगायला लागली की बघू," मी म्हटलं.

"रांगायला लागल्यावर बघणार काय आई?" ती हळूच म्हणाली, बाळाला उचललं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. ती कधी माझ्यासमोर दार लावत नाही.

ती बरोबर बोलली. म्हणून मी ठरवलं, आज मुलगा आला की त्याला तुमची ती दुपार सांगायची. थप्पड सांगायची, धुळीत बसलेले तुम्ही सांगायचे, आणि म्हणायचं, मी चुकीची गाडी सांगितली रे, ही परत कर. दिवसभर मी ती वाक्यं जुळवत होते. संध्याकाळी तो आला. गाडी आत घेतली, पण खाली उतरला नाही, काच उतरवून हाक मारली. "आई, चाल ना. पुढे नवीन रोड झाला, एक चक्कर मारून येऊ. बस लवकर."

म्हटलं, बसूनच सांगू. चपला घातल्या, पायरीवर पाय ठेवला, वर चढले. दार लागलं. त्यानं गाडी मागे घेतली. मी त्याच्या गिअरवरच्या हाताकडे बघत होते. पेरांशी जाड, डाव्या अंगठ्याचं नख थोडं चपटं. तुमचाच हात. इतकी वर्षं मी तो रोज पाहते आहे आणि मला कधी दिसला नव्हता.

गल्लीच्या कोपऱ्यावर वळलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, आम्ही मागे निघत होतो तेव्हा सून आणि नात कुठे होत्या ते मला माहीत नाही. आत होत्या, की पोर्चमध्ये आल्या होत्या, की फाटक लावायला ती बाळाला घेऊन गाडीच्या मागे गेली होती. गाडी आली तेव्हा फाटक कुणीतरी उघडलं होतं एवढं खरं. मी मागे वळून पाहिलं तर काचेत फक्त हौदा आणि आभाळ. परत फिर, एवढंच म्हणायचं होतं. मुलगा विचारत होता, "मस्त वाटते ना आई?"

परतलो तेव्हा दोघी दारात उभ्या होत्या. सुनेनं मला हात देऊन उतरवलं. मी मुलाला काही सांगितलं नव्हतं, आणि तिला काय विचारणार. हे पत्रही कुणाच्या हाती द्यायचं नाही, लिहून झालं की फाडायचं. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू. त्या कोपऱ्यावर मी परत फिर म्हटलं नाही. नवा रस्ता संपेपर्यंत आम्ही गेलो. बाबा, मला तिथे फार छान वाटत होतं.