बोक्यामार्फत

प्रिय मिरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न वाचताच फाडून टाकायचं तुझ्या मनात आलं असेल, तर आधी एवढी एक ओळ वाच आणि मग खुशाल फाड. बोका गेला. गेल्या आठवड्यात. आपला म्हातारा, एका डोळ्यावर ढगासारखा पांढरा पडदा आलेला, कुत्रा असून जन्मभर बोका नाव मिरवणारा बोका. झालं, सांगायचं ते सांगून झालं. इथेच सही करून पत्र टपालात टाकलं तरी चाललं असतं. पण हल्ली माझं असं झालंय की कुठलीही गोष्ट संपली की मला तिथून उठवत नाही, आणि बसलो की बसवत नाही. ही चार वाक्यं लिहिताना मी दोनदा दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आलोय. दारात कोणी नव्हतं. कोणी असावं असंही काही नव्हतं.

दुपारची वेळ आहे, बाबा मागच्या खोलीत जेवून पडलेत. मी दुकानातच बसलोय, वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या घमेल्याशेजारी, त्याच डुगडुगणाऱ्या स्टुलावर. हो, मी आता इथेच काम करतो. खुर्च्यांच्या पाठी विणतो. ज्या धंद्यावरून कॉलेजातल्या त्या मास्तरांनी भर वर्गात मला ‘भोकं भरणाऱ्याचा मुलगा’ म्हटलं होतं, तोच धंदा. तू तिथेच होतीस, तिसऱ्या बाकावर, तेव्हा हजेरीपट खिडकीतून बाहेर कसा गेला ते तुला सांगायला नको. माफी माग, विषय संपव, असं सगळे म्हणाले. तूही म्हणालीस. मी माफी मागितली नाही, कॉलेजच सोडलं, आणि जाता जाता तुझ्याशीही भांडलो. ते उकरत नाही. उकरलं तर पत्र भलतीकडे जाईल आणि मला पुन्हा दारापर्यंत जावं लागेल. एवढंच सांगतो की आजही ते मास्तर समोर आले तर मी तेच करीन. फक्त हजेरीपट जड असतो, खाली कोण उभं आहे ते आधी बघीन.

तू परगावी शिकायला गेलीस त्यानंतर आमच्या घरात काय चाललंय ते तुला ठाऊक असण्याचं कारण नाही. कॉलेज का सोडलं ते मी बाबांना सांगितलं नाही. कसं सांगणार? त्यांनी दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा ताट सरकवून उठलो. मग त्यांनी विचारणं बंद केलं आणि त्याबरोबर बाकी बोलणंही बंद केलं. मीही त्यांचाच मुलगा, मीही बंद केलं. पण एका छपराखाली राहायचं, एका दुकानात काम करायचं, तर ‘पट्टी दे’ एवढं तरी बोलावं लागतंच ना. ते आम्ही बोक्यामार्फत बोलायला लागलो. कसं सुरू झालं कुणास ठाऊक. बहुधा एके सकाळी बाबा टेबलाखाली वाकून म्हणाले असावेत, बोक्या, विचार त्याला, आज दुकान उघडणार आहे की नाही. आणि मी चहा ढवळत म्हणालो असेन, बोक्या, सांग त्यांना, उघडून झालं. तिथपासून आमचा सगळा कारभार त्याच्या नावाने चालू झाला. गिऱ्हाईक काय म्हणालं, कुठली खुर्ची आधी घ्यायची, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार, सगळं बोक्याला सांगायचं. आणि गंमत म्हणजे तोवर बोका ठार बहिरा झालेला होता. त्याला उठवायचं तर जमिनीवर पाय आपटावा लागायचा. म्हणजे दोन धडधाकट माणसं एका बहिऱ्या कुत्र्याला मध्ये घालून एकमेकांशी बोलत होती, आणि ते बिचारं मान वर करून कधी यांच्याकडे तर कधी त्यांच्याकडे बघायचं, जशी काही त्याच्या एका शब्दावर सगळी तडजोड अडलीय. आई म्हणायची, अरे, त्याला तरी सुखाने झोपू द्या, तुमच्या भांडणात त्याचं डोकं का खाता.

एकदा दुपारी अशीच उलघाल झाली होती. तुझ्या मैत्रिणीकडून कळलं होतं की तू पहिली आलीस आणि पेढ्यांऐवजी सगळ्यांना पेनं वाटलीस. मला काही पेन आलं नाही. दुकानात कोणी नव्हतं. मी बोक्यासमोर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. मास्तर काय म्हणाले, वर्ग कसा हसला, मी का उठलो, तू का रडलीस. बहिऱ्याला सांगायचं म्हणून ओरडून ओरडून सांगितलं. सांगून झाल्यावर लक्षात आलं की मागच्या खोलीत बाबा होते. ते जागे होते की झोपलेले, मला कळलं नाही, विचारायची सोय नव्हती. संध्याकाळी त्यांनी मला एक जुनी आरामखुर्ची पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याला विणायला दिली. तोवर कडेचं काम ते कुणालाच देत नसत. तेही बोक्यालाच सांगितलं, बोक्या, त्याला सांग, कडा घट्ट घे म्हणावं.

या उन्हाळ्यात बोक्याचे मागचे पाय गेले. आधी जिना सुटला, मग दाराचा उंबरा, मग वाटीपर्यंत जाणंही. स्वयंपाकघराच्या दारात आडवा पडून राहायचा आणि आम्ही सगळे त्याच्यावरून ढांग टाकून ये-जा करायचो. रात्रभर कण्हायला लागला तेव्हा त्याला चादरीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाबा डोक्याच्या बाजूला, मी पायांच्या. बाईंनी तपासलं, त्याच्या कानामागे खाजवलं आणि स्पष्ट सांगितलं की आता औषधाने फक्त दिवस वाढतील, दुखणं कमी होणार नाही. इंजेक्शन देऊन शांतपणे झोपवता येईल, पण ते तुम्ही दोघांनी बोलून ठरवायचं, मी शेजारच्या खोलीत आहे. आणि दार लोटून गेल्या.

मिरी, तुम्ही दोघांनी बोलून ठरवा म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. पत्र्याच्या टेबलावर बोका, एका बाजूला बाबा, एका बाजूला मी. भिंतीवर कुठल्याशा गोळ्यांचं चित्र, त्यात एक गुबगुबीत पिल्लू चेंडूमागे धावतंय. मला ते चित्र ओरबाडून काढावंसं वाटलं. मग बाबा बोक्याच्या डोक्यावर वाकले, त्याच्या बहिऱ्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले,

“बोक्या, सांग त्याला, माझ्याच्याने हे होणार नाही.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. हाताखाली त्याचा श्वास लागत होता. मी म्हणालो,

“बोक्या, सांग त्यांना, मी धरतो. त्यांनी बाहेर बसावं.”

बाबा बाहेर गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी धरलं. फार वेळ लागला नाही, एवढंच लिहितो. नंतर दुकानामागच्या मोकळ्या जागेत आम्ही दोघांनी खड्डा खणला. खणताना बोलायचं काही कारण नव्हतं, आणि बोलायचंच झालं असतं तर ज्याच्यामार्फत बोलायचं तोच चादरीत होता.

तेव्हापासून घर नुसतं अडखळतंय. स्वयंपाकघराच्या दारातून जाताना अजून आम्ही तिघंही लांब ढांग टाकतो. परवा शेजारच्या काकू सरळ चालत आत आल्या तर आई दचकून म्हणाली, अहो बघून, आणि मग चुलीकडे तोंड करून उभी राहिली. बाबा पावाची कड मोडतात, सवयीने हात टेबलाखाली नेतात, थोडा वेळ तसाच ठेवतात आणि मग ती कड आपणच खातात. बोलणं तर पार बुडालं. बाबांनी आधी आईला मध्ये घालायचा प्रयत्न केला. म्हणाले, अगं, विचार त्याला, दातांच्या डॉक्टरांची बाकं कधी होणार. आई पोळपाट आपटून म्हणाली, मी काय कुत्रा आहे का? आणि त्यावर आम्हा दोघांनाही एकदम हसू आलं, आणि दोघांनीही ते गिळलं, कारण हसायचं तर एकमेकांकडे बघावं लागलं असतं. मग खुद्द दातांचे डॉक्टर बाकं बघायला आले तेव्हा बाबा त्यांनाच म्हणाले, विचारा जरा याला, किती दिवस लागतील. डॉक्टर एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल मीच बहिरा आहे, कारण त्यांनी मला मोठ्याने, तोंड वासून, एकेक अक्षर तोडून विचारलं. मी तितक्याच मोठ्याने सांगितलं, पुढच्या आठवड्यात.

माझं म्हणशील तर मी जागेवर ठरतच नाही. बोक्याला फिरवायची वेळ झाली की पाय आपोआप चपलांत जातात. मी एकटाच निघतो, आणि निघतो तोही त्याच्याच चालीने, हळूहळू, खांबाखांबाशी थांबत. कुत्रा बरोबर असताना खांबापाशी थांबणाऱ्या माणसाकडे कोणी बघत नाही. कुत्रा नसताना थांबलं की सगळी गल्ली बघते. तुमच्या जुन्या घराशी तो हमखास थांबायचा. तिथे आता दुसरं बिऱ्हाड आहे, फाटकाला हिरवा रंग दिलाय, पण त्याला तो रंग दिसत नव्हता. तो आपला फाटकाच्या फटीत नाक घालून उभा. मी चिडायचो, पट्टा ओढायचो, म्हणायचो चल रे, गेली ती. तो हलायचा नाही. आता मीच थांबतो तिथे, आणि मला ओढून न्यायला कोणी नाही. काल आतल्या बाईंनी विचारलं, कोण हवंय. काय सांगणार होतो? म्हटलं, पत्ता चुकला.

तू आमच्याकडे यायचीस तेव्हा बाबा बाहेरच्या बाकावरूनच हाक द्यायचे, बोक्या, तुझी पाहुणी आली रे. माझी कधी म्हणाले नाहीत. आई तुझ्यासाठी जास्तीचा चहा टाकायची तोही बोक्याची पाहुणी म्हणून. आपल्याला वाटायचं, काय फसवलं सगळ्यांना. आता इथे बसून विचार करतो तेव्हा वाटतं, फसत कोण होतं? तेव्हा आम्ही बाप-लेक धड बोलत होतो, तरी तुझं नाव घ्यायला त्यांना बोकाच लागला. म्हणजे त्या माणसाला जी गोष्ट जपून बोलायची असते ती तो आधीपासूनच अशी वाकडी वाट करून बोलत आला असेल. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. आणि मी समजत होतो की मला शिक्षा म्हणून ते बोलत नाहीत.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो, आणि मग तुला फाडायचं तर फाड. काल आम्ही दातांच्या डॉक्टरांच्या बाकाची पाठ विणत होतो. मोठी पाठ असली की दोघं लागतात. बाक मध्ये उभं करायचं, एकाने भोकातून पट्टी पलीकडे द्यायची, दुसऱ्याने ती ओढून शेजारच्या भोकातून परत पाठवायची. बाबा पलीकडे, मी अलीकडे. पट्टी येत होती, जात होती, आणि मध्येच ती यायची थांबली. मी ओढली, येईना. वाटलं, गाठ अडकली. वाकून भोकांतून पाहिलं तर बाबांनी ती धरून ठेवली होती. त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता, वेताच्या चौकटींआडून. म्हणाले, “तिला कळवलंस का?” मी सवयीने खाली जमिनीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. ते मलाच विचारत होते. कुणाला, असं विचारायचं नाटक मला जमलं नाही. ते पुन्हा म्हणाले, “तिचाही होता तो. पत्र लिही. फोनवर तू भांडशील.” आणि पट्टी सोडली. मी ती ओढून घेतली, पुढच्या भोकातून परत दिली, पाठ पूर्ण झाली, दुकान बंद झालं, जेवणं झाली, आणि मी अजून त्यांना उत्तर दिलेलं नाही. ‘नाही’ म्हणवेना, आणि ‘हो’ म्हणायचं तर ते खोटं झालं असतं. इतक्या महिन्यांनी त्यांनी मला सरळ काही विचारलंय, त्याचं उत्तर मला खोटं द्यायचं नाही. तू ये असं म्हणत नाही, उत्तर लिही असंही म्हणत नाही. म्हणावंसं वाटतं, पण ते पुढचं. आधी हे पाकीट पेटीत टाकून येतो, आणि मग बाकाच्या त्या बाजूला जाऊन, मध्ये काही न ठेवता, त्यांना सांगतो, बाबा, कळवलं.

तुझाच
(हा शब्द खोडायला घेतला होता. राहू दे.)